बाकीचा फळा

आमच्या बंदरावर नवं माणूस कामाला लागलं की त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक, जेटीवरच्या नळाचं पाणी प्यायचं नाही. दोन, सोसायटीच्या ऑफिसात बसणाऱ्या चाचांना ‘बाकी काय?’ असं विचारायचं नाही. मला पहिली सांगितली, दुसरी नाही. मुद्दामच सांगितली नसणार, कारण मी चहाचा कप हातात घेऊन सभ्यपणे “बाकी काय, चाचा?” म्हटलं तेव्हा ऑफिसातली दोन्ही माणसं खिडकीकडे तोंड करून हसत होती.

“तीन,” चाचा म्हणाले.

“तीन काय?”

“बाकी. दोन जयगडच्या अंगाला हायत, बोलणं झालंय. एक वायरलेस उचलत नाय.”

एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं पाहिलं आणि दोन्हींवर विश्वास नसल्यासारखे बाहेर निघून गेले. चहा तसाच राहिला.

मी पालीची. आमच्याकडे समुद्र म्हणजे पाहुणे आले की दाखवायला न्यायची जागा. मच्छीमार सोसायटीत मला नोकरी लागली तेव्हा बांगडा आणि सुरमई यांच्यापलीकडे मला त्या धंद्यातलं काही कळत नव्हतं. चाचांना सगळं कळत होतं आणि तरी ते आयुष्यात मासेमारीला गेले नव्हते. होडीत बसलं की त्यांना ओकारी यायची. तरुणपणी आखातात कुठल्याशा बंदरावर माल मोजायचं काम त्यांनी केलं, परत आले ते सोसायटीच्या खुर्चीत बसले. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी कमिटी दरवर्षी त्यांना एकेक वर्ष वाढवून देत होती, कारण त्यांच्या जागी बसायला कुणी तयार नव्हतं.

त्या खुर्चीच्या मागे एक फळा होता. प्लायवूडला काळा रंग मारून केलेला, वर पांढऱ्या रंगात एकच शब्द: बाकी. कुठली बोट कधी गेली, समुद्रात जायच्या परवानगीचं टोकन कधी घेतलं, हे सगळं कॉम्प्युटरात असायचं. फळ्यावर फक्त त्या दिवशी परत यायच्या बोटींची नावं. बोट आली की नाव पुसायचं. फळा कोरा झाला की चाचा घरी जायचे. नाही झाला तर जायचे नाहीत.

पुसण्याचीही त्यांची पद्धत होती. तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, फोन आला म्हणून ते पुसत नसत. बोट दीपगृहाच्या आत दिसली म्हणूनही नाही. बोट धक्क्याला लागायची, दोर बांधला जायचा, मग चाचा खाली उतरून त्या बांधलेल्या दोराला हात लावायचे आणि वर येऊन जुन्या लुंगीच्या फडक्याने नाव पुसायचे. दिवसातून सात-आठ वेळा खाली, सात-आठ वेळा वर. गुडघे कुरकुरत, पण माणूस थांबत नसे.

“चाचा, बोट डोळ्यासमोर हाय. आता काय उडून जाणार?” तांडेल ओरडायचे.

“दिसलेली बोट म्हणजे आलेली बोट नाय,” चाचा म्हणायचे आणि हात लावायचेच.

हे मोजण्याचं वेड बोटींपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. चहावाल्याला ते विचारत, “किती गिलास बाहेर हायत?” ईदला आम्हाला घरी जेवायला बोलावलं की निघताना दारातल्या चपला मोजत. त्यांच्या घरून रोज संध्याकाळी फोन यायचा आणि समोरून बायको इतक्या मोठ्याने बोलायची की आम्हालाही ऐकू जायचं, “अवो, घरात सगळी हायत, आता तरी या.” एकदा मी त्यांना विचारलं की तुम्हाला एवढी काळजी कशाची लागलेली असते. मला वाटलं, लहानपणी कुणी बुडालं असेल, काहीतरी गोष्ट निघेल. ते म्हणाले, “कशाची नाय गो. माझा जीवच तसा.”

त्या एका शब्दावर मात्र ते तासभर बोलू शकत. दर रविवारी एक निवृत्त मराठीचे गुरुजी मासे घ्यायला यायचे आणि फळ्याकडे बघून नाक मुरडायचे. “बाकी कशाला लिहिता? शेष लिहा. शुद्ध शब्द आहे.”

“शाळेत तुम्ही वजाबाकी शिकवलीत ना? त्यातला ‘वजा’ पण अरबी, ‘बाकी’ पण अरबी. तुमचं एक अक्षर त्यात नाय. एवढी वर्षं शुद्ध होती ती, आता विटाळली?”

गुरुजी हसत आणि पापलेट निवडायला लागत. मग चाचा माझ्याकडे वळायचे, कारण मी जागची हलू शकत नव्हते. तो शब्द गलबतातून आला, ते सांगत, दरबारातून पण आला, कुठून कुठून आला. आखातात त्यांच्या गोदामावर एक म्हातारा अरब होता. त्याने त्यांना सांगितलं होतं की बाकी म्हणजे जे टिकतं ते. सगळं जातं, आणि जे जात नाही ते बाकी. अल्लाच्या नावांमध्ये एक नाव तेच आहे. तिथे दुकानात सुटे परत देतात त्यालाही तोच शब्द, आणि कबरीच्या दगडावरही तोच लिहिलेला त्यांनी पाहिला होता.

“आणि आपल्याकडे बघ. ‘बाकी मानलं तुला.’ ‘बाकीचे कुठे गेले?’ ‘जेवण बाकी हाय, लगीन बाकी हाय.’ तिकडे जे राहिलं ते बाकी. आपल्याकडे जे यायचं राहिलं ते बाकी.” फळ्यावर बोट ठेवून ते म्हणत, “आपल्या माणसांनी त्या शब्दात वाट बघणं घातलं. अरबाला ते सांगितलं असतं तर पटलं असतं त्याला.”

मला तेव्हा हे सगळं कंटाळवाणं वाटायचं. माझं लक्ष सहाच्या एसटीकडे असायचं. ती चुकली की पुढची गाडी दीड तासाने, आणि घरी आई दारात उभी.

मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, चाचांनी रजा घेतली. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापूरला होतं, तारीख महिनाभर आधी ठरलेली. ते सकाळी गेले आणि दुपारी बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. वादळाची सूचना. सगळ्या बोटींना परत बोलावलं, आणि जो फळा एरवी सात-आठ नावांचा असायचा त्यावर मी एकतीस नावं लिहिली. जागा पुरेना म्हणून शेवटची बारीक अक्षरात लिहिली.

चाचांचा दर तासाला फोन. “किती?” “चोवीस.” “किती?” “पंधरा.” मी खाली जात होते, दोराला हात लावत होते, वर येऊन पुसत होते. वारा एवढा होता की ओढणी कमरेला बांधावी लागली. साडेपाचला तीन नावं राहिली. मग दोन बोटी एकदम आल्या. राहिली ‘जलराणी’.

ऑफिसच्या दारात जलराणीच्या तांडेलाची बायको दुपारपासून उभी होती. बसा म्हटलं तर बसत नव्हती. शेवटच्या बोटीचा तांडेल भिजलेला वर आला, त्याला मी विचारलं.

“जलराणी? आमच्या मागोमागच हाय. दीपगृहाच्या बाहेर मी बघितली ना. येल दहा मिनिटांत.”

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहाला वीस-बावीस सेकंद कमी असतील. आजही मी स्वतःला सांगते की त्या बाईचा चेहरा बघवला नाही म्हणून मी फडकं उचललं. एसटीसाठी उचललं असंही सांगता येईल. दोन्ही खरं आहे आणि दुसरं जास्त खरं आहे. मी नाव पुसलं.

“आली?” तिने विचारलं.

“आलीच,” मी म्हटलं.

ती घरी गेली. तिने नवऱ्यासाठी पाणी तापवलं, भात टाकला. मी धावत एसटी गाठली. गाडीत बसल्यावर चाचांचा फोन आला.

“किती?”

“फळा कोरा आहे, चाचा.”

“सगळ्यांना हात लावलास?”

“हो.”

“शाबास,” ते म्हणाले. त्या रात्री मला छान झोप लागली, हे लिहितानाही मला शरम वाटते.

सकाळी नऊला मी ऑफिसात पोचले तर दार उघडं होतं. चेअरमन फोनवर होते, तांडेलाची बायको जमिनीवर बसली होती. तिने रात्रभर वाट पाहिली. फळा कोरा बघितलेला, म्हणून वाटलं, बोट धक्क्याला लागली असेल, दोर आवळत असतील, माल उतरवत असतील. बेल वाजवून कुणाला उठवायची लाज वाटली. उजाडल्यावर तिने चाचांना फोन केला आणि चाचांनी कोल्हापूरहूनच तटरक्षक दलापासून जयगडच्या बर्फवाल्यापर्यंत सगळ्यांना फोन केले होते. माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

“फळ्यावर नाव लिही,” चाचा म्हणाले.

“चाचा, मी काल—”

“आधी लिही. मग बोल.”

मी लिहिलं. खडू दोनदा तुटला. फोन परत कानाला लावला तर तो बंद झाला होता. ते एसटीत होते.

दुपारी ते आले. मला एक शब्द विचारला नाही. खुर्चीत बसले आणि दोन दिवस तिथून फक्त नमाजाला आणि वायरलेसला उठले. मी पालीला गेले नाही, ओळखीच्या एकीकडे राहिले. सात माणसं होती त्या बोटीवर. माझ्या डोक्यात सारखं तेवढंच चालायचं: पावणेसहा ते सकाळी सात. सव्वातेरा तास ती बोट समुद्रात होती आणि जमिनीवर कुणीच तिला शोधत नव्हतं, कारण मी ती पुसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. इंजिन बंद, वायरलेसची बॅटरी पाण्यात, वाहत वाहत पार आंजर्ल्यासमोर गेलेली. दुसऱ्या बोटीने ओढून आणली. सगळं बंदर धक्क्यावर जमलं होतं. मी वरून खिडकीतून मोजलं. सहा.

सातवा खिमलाल होता. नेपाळचा माणूस, चाळिशीचा, तीन हंगाम आमच्या बंदरावर होता. आमच्याकडे नेपाळी खलाशी बरेच, आणि सगळे त्यांना बहादूर म्हणतात. हा बहादूर, तो बहादूर. चाचा प्रत्येकाला खरं नाव विचारून घेत. म्हणून मला ते ठाऊक होतं. त्याच्यासाठी धक्क्यावर कुणी उभं नव्हतं.

चाचा खाली गेले, दोराला हात लावला, सहा माणसांशी बराच वेळ बोलले आणि वर आले. जलराणीचं नाव पुसलं. त्या जागी लिहिलं: खिमलाल. मग फडक्याने हात पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, “बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं, इंजिन बंद पडलं. जाळं सोडवायला तो उतरला आणि लाटेने नेला. बावटा लागला त्या दुपारी. चार वाजता.”

“चार?”

“चार. तू फळा पुसायच्या आधी. तुझा त्यात काय संबंध नाय.”

मी तोंडावर ओढणी धरून रडले. सुटल्यासारखं वाटून रडले, खिमलालसाठी नव्हे. ते मला तेव्हाही कळत होतं.

पुढे कमिटीने विचारलं, की फळा कुणी पुसला. चाचा म्हणाले, “काम माझं होतं. बावट्याच्या दिवसांत मी रजेवर गेलो.” मी तिथेच, दाराला टेकून उभी होते. बोलायला हवं होतं. मी गप्प बसले. त्या वर्षी त्यांना वाढवून दिलं नाही, आणि त्यांच्या खुर्चीत मला बसवलं. जाताना त्यांनी मला फडकं दिलं आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या खिमलालच्या नावाकडे बोट दाखवून म्हणाले, “ते राहू दे.”

त्यानंतर मी एकही नाव दोराला हात लावल्याशिवाय पुसलं नाही. सहाची एसटी मी सोडून दिली. आता तांडेल मला हसतात. “ताई, बोट डोळ्यासमोर हाय,” म्हणतात, आणि मी खाली उतरते. लग्नासाठी मुंबईचा पहिला मुलगा मला बघायला आला तेव्हा आईने त्याला सांगितलं की ही यायला उशीर करते, तर मी चहा देता देता त्याच्याबरोबर आलेली माणसं मोजत होते. ते जमलं नाही ते एका परीने बरंच झालं.

तीन वर्षं गेली. गेल्या महिन्यात जलराणीवरचा एक जुना खलाशी टोकनच्या कामाला ऑफिसात आला होता. फळ्याकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं असणार की मला सगळं माहीत आहे, कारण तो सहज बोलून गेला.

“भला माणूस व्हता. रातभर आम्ही वाट बघितली, कोण तरी येल म्हणून. तांडेल बोलला, फळ्यावर नाव हाय, चाचा झोपणार नाय, कोण तरी येल. सकाळी आठ वाजले, कोण नाय आला. तवा तो उतरला पाण्यात.”

“आठ?” मी विचारलं.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. टोकन टेबलावर टाकून तो निघून गेला.

मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली. चाचांचं घर खाडीपलीकडे आहे, होडीने जावं लागतं. ते ओट्यावर बसले होते, केस सगळे पिकलेले, पाय सुजलेले. मला बघून त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही.

“होडीत अकरा माणसं बसलीत, अकरा उतरलीत. तू सातवी,” ते म्हणाले. “ये. बस.”

मी बसले नाही. “चाचा, खिमलाल चारला गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेला.”

 “कोण बोलला? मी सगळ्यांना सांगितलेलं, नाय बोलायचं.”

म्हणजे सहा माणसांना माहीत होतं, त्यांच्या घरी माहीत होतं, तांडेलाच्या बायकोलासुद्धा. ती दर ईदला माझ्यासाठी शिरखुर्मा पाठवते. तीन वर्षं अख्खं बंदर माझ्यासमोर गप्प होतं.

“तुम्ही खोटं बोललात.”

“हां.”

“माझी दया आली म्हणून?”

“दया?” चाचा चिडले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. “दया बोटीवर जाणाऱ्या पोरांची आली. तुला खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू पालीहून आली असतीस काय? नसतीस आली. मग फळ्यासमोर कोण? मला तर कमिटी ठेवणार नव्हती. जो येल तो फोनवर ऐकून पुसणार. नाव पुसताना हात कापेल असं माणूस पायजे होतं. ते तू झालेलीस.”

“पण मी पुसलं नसतं तर कुणी गेलं असतं ना? त्या रात्री?”

“बावटा लागलेला. वारा तू बघितलास. गेले असते, नसते गेले, मला नाय माहीत.” मग आवाज खाली आला. “मी पण विचारतो ते. रोज विचारतो. मी ऑपरेशनची तारीख बदलली असती तर.”

आत त्यांच्या बायकोने चहाची भांडी वाजवली. मला रडायला येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. मी ओट्याच्या कडेला बसले. तेवढ्यात त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“आज किती?” त्यांनी विचारलं.

“दोन.”

“दोन बाहेर हायत? आणि तू इथे बसलीस?” ते भिंत धरून उभे राहिले आणि खाली होडीवाल्याला हाका मारायला लागले, “अरे थांब! एक माणूस राहिलाय! थांब रे!”

मी चहा न घेता धावले. होडीतून मागे बघितलं तर ते ओट्यावर उभेच होते आणि ओठ हलत होते. आम्हाला मोजत असणार.

साडेपाचला पहिली बोट आली, सव्वासहाला दुसरी. मी दोन्ही वेळा खाली उतरून ओल्या दोराला हात लावला, वर येऊन नावं पुसली. कोपऱ्यातल्या नावाचा खडू पावसाळी हवेने पुसट झाला होता, तो गिरवला. मग चाचांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

“आल्या दोन्ही,” मी म्हटलं.

“हात लावलास?”

“लावला.”

 मागे त्यांची बायको जेवायला हाका मारत होती.

“मग बाकी एकच,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.